कायदा दिल्लीचा, सही ग्रामसभेची

२७ एप्रिल २०११ रोजी गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या गावात केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश आणि राज्याचे मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण हे दोघेही एकाच वेळी हजर होते. शंभराच्या आसपास उंबरठे असलेल्या गावाला एवढा मान मिळण्याचे निमित्त होते ते वाहतूक परवान्यांचे एक पुस्तक. वनखात्यात ज्याला ‘टीपी’ म्हणतात, त्या परवान्यांचे पुस्तक त्या दिवशी ग्रामसभेच्या वतीने देवाजी तोफा यांच्या हाती देण्यात आले. आपल्या जंगलातील बांबू कापून, विकून, मालमोटारीत भरून गावाबाहेर धाडण्याचा अधिकार त्या दिवसापासून ग्रामसभेच्या शिक्क्याला प्राप्त झाला. तोवर हा शिक्का केवळ वनाधिकाऱ्याचा असे.

या प्रसंगाचे कौतुक पुष्कळ झाले आणि ते रास्तही होते. तथापि त्यामागच्या तारखा ध्यानात घेतल्या, तर कौतुकाबरोबरच काही प्रश्नही उभे राहतात. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांच्या हक्कांना मान्यता देणारा कायदा संसदेने डिसेंबर २००६ मध्ये संमत केला. तो अमलात यायला २००७ सालचा शेवटचा दिवस उजाडला व नियम १ जानेवारी २००८ रोजी आले. मेंढ्याला सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्काचा अधिकारपत्राचा कागद २००९ मध्ये मिळाला. कायद्याच्या व्याख्येत बांबू हे गौण वनोपज असल्याचे स्वच्छ शब्दांत लिहिलेले असतानाही १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडांत होते, असे म्हणत वनखाते परवाने देईना. अखेर मार्च २०११ मध्ये केंद्रीय मंत्र्यांना सर्व मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबूला गौण वनोपज माना, असे सांगावे लागले. संसदेने जे आधीच सांगितले होते, तेच सांगण्यासाठी मंत्र्याला पत्र लिहावे लागावे आणि ते पत्र अमलात आणण्यासाठी मुख्यमंत्र्यासह गावापर्यंत यावे लागावे, यातच राष्ट्रीय कायद्यांच्या स्थानिक अंमलबजावणीची सारी गुंतागुंत सामावलेली आहे.

मेंढा हे काही सामान्य गाव नव्हे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा या गावाने दोन दशके आधीच दिली होती. सर्वसंमतीने निर्णय घेण्याची रीत, अभ्यासगटांची परंपरा, मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारख्या कार्यकर्त्यांची दीर्घ सोबत एवढे सारे पाठीशी असलेल्या गावाला एका परवानापुस्तकासाठी कायदा अमलात आल्यापासून तीन वर्षांहून अधिक काळ झगडावे लागले, तर ज्या गावाला असे कोणी नाही त्याचे काय, हा प्रश्न साहजिकच उभा राहतो.

केंद्र सरकारची अडचण मूलतः घटनात्मक आहे. दिल्लीत कायदे होतात, परंतु गावोगावी ते राबविणारी स्वतःची यंत्रणा केंद्राकडे नाही. तलाठी, ग्रामसेवक, वनरक्षक, तहसीलदार हे सारे राज्याचे नोकर. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वने समवर्ती सूचीत गेली खरी, पण स्थानिक स्वराज्य संस्था हा विषय राज्यसूचीतच राहिला. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना घटनेचे छत्र दिले, अकराव्या अनुसूचीत २९ विषय मांडले, पण ते विषय प्रत्यक्षात सोपवायचे की नाही हे राज्य विधिमंडळांच्या मर्जीवर सोडले. २४३ (छ) या अनुच्छेदातील भाषा बंधनाची नसून मुभेची आहे. म्हणजेच दिल्लीने गावाशी बोलायचे म्हटले तरी मध्ये राज्याची राजधानी, विभागाचे मुख्यालय आणि जिल्हाधिकारी कार्यालय ओलांडल्यावाचून तो आवाज गावात पोहोचत नाही.

या अडचणीवर केंद्राने गेल्या तीन दशकांत निरनिराळे उपाय योजून पाहिले. त्यांत ढोबळमानाने दोन तऱ्हा दिसतात. एकीत स्थानिक संस्था ही कायद्याचा हात असते. काय करायचे ते वर ठरते, गावाने ते करायचे. दुसरीत स्थानिक संस्थेला निर्णयाचा अधिकार असतो आणि वरच्या कार्यालयांनी तो निर्णय तपासून पुढे न्यायचा असतो. वनहक्क कायदा हा दुसऱ्या तऱ्हेचा, आणि म्हणूनच दुर्मीळ.

पहिल्या तऱ्हेचा नमुना पाहायचा तर २००२ चा जैवविविधता कायदा पाहावा. प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती स्थापावी आणि त्या समितीने लोकांच्या सल्ल्याने लोकजैवविविधता नोंदवही तयार करावी, असे हा कायदा व त्याखालील नियम सांगतात. कल्पना उत्तम होती. गावातील जाणत्या माणसांकडे असलेले झाडपाल्याचे, माशांचे, बियाण्यांचे ज्ञान शासनदरबारी नोंदले जावे, हा तिचा गाभा. माधव गाडगीळ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी ही कल्पना कायद्याच्या आधीपासून हिरीरीने मांडली होती. पण पहिल्या दीड दशकात समित्या मोजक्या, नोंदवह्या त्याहून मोजक्या. अखेर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने ऑगस्ट २०१९ मध्ये ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली आणि त्यानंतर चुकार राज्यांना दरमहा १० लाख रुपये भरावे लागतील, असे बजावले. दंडाची भाषा समजायला शासनयंत्रणेला वेळ लागत नाही. बघता बघता देशभरात अडीच लाखांहून अधिक समित्या कागदावर आल्या. नोंदवह्यांचे काम अनेक ठिकाणी बाहेरच्या संस्थांना ठेक्याने देण्यात आले आणि शेजारशेजारच्या गावांच्या नोंदवह्यांत तीच झाडे, तेच पक्षी, त्याच क्रमाने अवतरले. आपल्या गावात अशी एक समिती आहे आणि आपण तिचे सदस्य आहोत, हे ठाऊक नसलेले सदस्यही कमी नसावेत. कायद्याची अंमलबजावणी झाली, फक्त कायद्याचा हेतू तेवढा बाहेर राहिला.

रोजगार हमीची कथा थोडी निराळी. महाराष्ट्राच्या १९७७ च्या कायद्यात कामे काढायची ती महसूल खात्याने व शासनाच्या विभागांनी. पंचायतींचे स्थान गौण. केंद्राने २००५ मध्ये याच कल्पनेवर देशव्यापी कायदा केला, तेव्हा खर्चाच्या हिशेबाने किमान निम्मी कामे ग्रामपंचायतींमार्फत व्हावीत, अशी तरतूद त्यात होती. ज्या राज्याने ही कल्पना देशाला दिली त्याच महाराष्ट्राला तिची पंचायतींमार्फत अंमलबजावणी अंगवळणी पाडून घ्यायला बराच काळ लागला. जुनी, चालती यंत्रणा असणे हीदेखील कधी कधी अडचणच ठरते.

वनहक्क कायद्याची रचना या दोहोंपेक्षा मूलगामी आहे. त्याच्या सहाव्या कलमानुसार वैयक्तिक वा सामूहिक हक्काचे स्वरूप व व्याप्ती निश्चित करण्याची प्रक्रिया सुरू करण्याचा अधिकार ग्रामसभेचा. ग्रामपंचायतीचा नव्हे, सरपंचाचा नव्हे, ग्रामसभेचा. २०१२ च्या दुरुस्तीनंतर नियम असा आहे की, सभेला निम्मे सदस्य हजर असावेत आणि हजर असणाऱ्यांत किमान एकतृतीयांश स्त्रिया असाव्यात. ग्रामसभेने निवडलेल्या वनहक्क समितीने दावे स्वीकारायचे, प्रत्यक्ष जागेवर जाऊन पडताळायचे, नकाशा करायचा. ग्रामसभेने ठराव करायचा. मग उपविभागीय समिती आणि अखेरीस जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील जिल्हा समिती. पुराव्यांच्या यादीत सरकारी कागदांच्या जोडीला गावातील वडीलधाऱ्यांचा लेखी जबाबही ग्राह्य धरलेला आहे. ज्या माणसांपाशी कागद नसतो त्यांच्याच बाबतीत कागद मागण्याची इंग्रजी राजवटीपासूनची रीत संसदेने येथे मोडली. संयुक्त वनव्यवस्थापनाच्या समित्यांत सचिवपद वनखात्याच्या कर्मचाऱ्याकडे असे. येथे वनखात्याचा माणूस पडताळणीला बोलावलेला साक्षीदार ठरतो. हा फरक खात्याच्या नजरेतून सुटणे शक्यच नव्हते.

या रचनेचा कस लागला तो दूर ओडिशात. नियमगिरीच्या डोंगरातील बॉक्साइटच्या खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ रोजी निर्णय दिला. डोंगरिया कोंधांचे धार्मिक व सांस्कृतिक हक्क या खाणीने बाधित होतात की काय, याचा विचार ग्रामसभांनी करावा, असे त्याचे सार. त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये रायगडा व कालाहांडी या जिल्ह्यांतील १२ ग्रामसभा जिल्हा न्यायाधीशाच्या देखरेखीखाली भरल्या आणि बाराही ग्रामसभांनी खाण नाकारली. जानेवारी २०१४ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने प्रकल्पाला परवानगी नाकारली. हजारो कोटींच्या प्रकल्पाचा फैसला पानाफुलांच्या मांडवाखाली भरलेल्या सभांनी करावा, हे अनेकांना रुचले नाही. मात्र १२ च गावे का, डोंगरावर शंभरावर वस्त्या असताना राज्य सरकारने एवढीच का निवडली, हा प्रश्न त्या वेळी डोंगरियांच्या बाजूच्यांनी विचारला होता, याचाही विसर पडता कामा नये. ग्रामसभेला मत असले तरी कोणत्या ग्रामसभेला विचारायचे, हे वरच ठरत होते.

गडचिरोली जिल्ह्याने या कायद्याचा जेवढा उपयोग करून घेतला, तेवढा देशात क्वचितच अन्यत्र झाला असेल. १,४०० च्या आसपास गावांना तेथे सामूहिक वनहक्क मिळाले. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ मध्ये सुमारे हजार हेक्टरांवरील हक्क मिळाला आणि त्या गावाने बांबूच्या विक्रीतून रोजगार उभा केला. याच पाचगावने तेंदूपाने न तोडण्याचा ठराव केला, हे विशेष. तेंदूच्या हंगामासाठी झाडांची छाटणी होते, जंगलाला आगी लावल्या जातात, म्हणून हातचे उत्पन्न सोडायचे, असा हा निर्णय होता. वनखात्याने एवढ्या वर्षांत महसूल सोडून आगी थांबविण्याचा असा निर्णय कोठे घेतल्याचे ऐकिवात नाही. मेळघाटच्या पायथ्याशी पायविहीर गावाने उजाड टेकडीवर सीताफळे वाढविली आणि ती मुंबईच्या बाजारात नेली. ग्रामसभेच्या हाती जंगल गेले की ते संपलेच, असे भाकीत करणाऱ्यांनी ही गावे निदान एकदा पाहावीत.

परंतु तेंदूपानाच्या व्यवहाराकडे वळले की चित्र इतके सुबक राहत नाही. तेंदू हा विदर्भातील जंगलभागाचा खरा रोकड हंगाम. उन्हाळ्याचे दोन-तीन आठवडे, पहाटे चारला जंगलात जाणे, दुपारी घरातील लहानथोरांनी मिळून पुडे बांधणे, संध्याकाळी फळीवर नेऊन देणे. वर्षभराचे कपडेलत्ते, मुलांची पुस्तके, एखादे आजारपण यांचा भार या तीन आठवड्यांवर असतो. १९६९ च्या राज्य कायद्याने या पानांचा व्यापार शासनाच्या मक्तेदारीत आणला. वनखाते घटकांचा लिलाव करी, ठेकेदार मजुरी देई आणि स्वामित्वशुल्क शासनाकडे जाई. १९९७ मध्ये राज्याने अनुसूचित क्षेत्रांतील गौण वनोपजाची मालकी पंचायतींकडे व ग्रामसभांकडे देणारा कायदा केला, तेव्हा त्याच्या यादीत तेंदू आणि बांबू हीच दोन मोलाची उत्पादने नव्हती. म्हणजे मालकी दिली, पण विकून चार पैसे येतील ते सोडून. ही उणीव भरून निघायला २०१४ साल उजाडावे लागले. राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतील अधिकार वापरून ती दोन्ही यादीत आणली. त्याच वर्षी मार्चमध्ये राज्याचे ‘पेसा’ नियमही निघाले. संसदेने ‘पेसा’ कायदा केला तो डिसेंबर १९९६ मध्ये, महाराष्ट्राचे नियम झाले मार्च २०१४ मध्ये. मधली १७ वर्षे कोणाच्या हिशेबात धरायची?

आता ग्रामसभांपुढे दोन पर्याय आले. वनखात्यामार्फत विक्री करायची किंवा स्वतः लिलाव करायचा. गडचिरोलीतील शेकडो ग्रामसभांनी दुसरा पर्याय निवडला. २०१७ मध्ये तेंदूला कधी नव्हे एवढा भाव आला आणि गावागावांत स्वामित्वशुल्काचे पैसे थेट पान तोडणाऱ्यांच्या खात्यात जमा झाले. पुढच्याच हंगामात भाव कोसळले. काही ठेकेदारांनी करार मोडले, पाने नेली आणि पैसे थकविले. तेव्हा ग्रामसभेने जायचे कोठे? लिलाव तिने स्वतः केलेला, करार तिचा, त्यामुळे वनखात्याने हात वर केले. दिवाणी दावा लावायचा तर वकील, कोर्टशुल्क, तारखा. बयाणा किती घ्यावा, बँकहमी का मागावी, करारात थकबाकीवर व्याजाचे कलम कसे असावे, हे सांगणारे माणूस गावात नव्हते आणि ते पाठविण्याची जबाबदारी कोणाचीही नव्हती. कोरचीसारख्या तालुक्यात ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा उभारली, ती एकमेकांच्या आधाराने भाव ठरविता यावा, ठेकेदाराशी एकट्याने गाठ पडू नये म्हणून. हा शहाणपणा गावांचा स्वतःचा. कायद्यात महाग्रामसभेचा उल्लेख नाही.

अधिकाराबरोबर माणूस, पैसा आणि तांत्रिक मदत यायला हवी, हे तत्त्व म्हणून सर्वांनाच मान्य असते. प्रत्यक्षात ग्रामसभेच्या दिमतीला एकही कर्मचारी नाही. ग्रामसेवक हा ग्रामपंचायतीचा सचिव आणि २०२४ मध्ये पदनाम बदलून तो ग्रामपंचायत अधिकारी झाला, एवढाच काय तो बदल. त्याच्याकडे दोन-तीन गावे, डझनभर योजना आणि रोजच्या ऑनलाइन नोंदी. पाड्याची ग्रामसभा म्हणजे त्याच्या दृष्टीने कामात भर. ग्रामसभेने पॅन काढावा, बँकखाते चालवावे, लेखापरीक्षण करून घ्यावे, व्यवस्थापन आराखडा करावा, अशी अपेक्षा मात्र एखाद्या सहकारी संस्थेकडून करावी तेवढीच. राज्यपालांच्या २०१४ च्या निर्णयानुसार आदिवासी उपयोजनेतील ५ टक्के निधी अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना थेट मिळू लागला, हे पाऊल खरोखर मोलाचे. पण तो पंचायतीच्या वाटेने येतो आणि पंचायतीतील मोठ्या गावाकडून पाड्यापर्यंत पोहोचताना त्याचे काय होते, हे पाड्यावरच्यांना विचारावे.

येथे ग्रामसभेच्या बाजूच्यांनीही एक गोष्ट मोकळेपणाने मान्य केली पाहिजे. गाव म्हणजे एकजीव कुटुंब नव्हे. जेथे वस्ती संमिश्र आहे तेथे कोणाचा दावा आधी आणि कोणाचा मागे, कोणाच्या घरासमोरून मोजणी सुरू होते, यात जात आणि जमीनदारी यांचा हात असतोच. इतर पारंपरिक वननिवासींना तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते आणि विदर्भातील कित्येक गरीब बिगरआदिवासी कुटुंबे याच अटीवर अडली. कागदोपत्री भरलेल्या सभा आणि घरोघर फिरवून घेतलेल्या सह्या हे प्रकारही नवे नाहीत. निम्म्या गणसंख्येची आणि एकतृतीयांश स्त्रियांच्या उपस्थितीची अट त्यासाठीच आहे. ती जाचक म्हणून शिथिल करण्याच्या सूचना अधूनमधून येतात, त्या मान्य होऊ नयेत.

गडचिरोलीबाहेर, विशेषतः नाशिक, पालघर, ठाणे, नंदुरबार या पट्ट्यात प्रश्न निराळा होता. तेथे भर वैयक्तिक दाव्यांवर आणि तक्रार मुख्यतः वरच्या समित्यांबद्दल. ग्रामसभेने मान्य केलेले दावे उपविभागीय समितीत अडकणे, पाच एकर कसत असताना अर्ध्या एकराचा कागद हाती येणे, दावा फेटाळल्याचे कारण न कळविणे. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेला किसान मोर्चा १२ मार्चला मुंबईत पोहोचला, तेव्हा सुजलेल्या, सोललेल्या पायांची छायाचित्रे देशभर गेली. त्या पायांमागे कर्जमाफीपेक्षाही वनजमिनीची ही थकलेली प्रकरणे अधिक होती, हे मुंबईकरांना त्या निमित्ताने कळले. सरकारने सहा महिन्यांत दावे निकाली काढण्याचे आश्वासन दिले. पुढच्याच वर्षी, १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळले गेलेल्यांना जमिनीवरून हटविण्याचा आदेश दिला आणि देशभरातील दहा लाखांहून अधिक दावेदारांवर टांगती तलवार आली. केंद्र सरकारने धाव घेतल्यावर २८ फेब्रुवारीला त्या आदेशाला स्थगिती मिळाली व दावे फेटाळताना योग्य प्रक्रिया पाळली होती काय, याची माहिती राज्यांकडे मागण्यात आली. स्थानिक पातळीवरच्या प्रक्रियेतील लहानशी हयगय, म्हणजे न पाठविलेली एक नोटीस, न लिहिलेले एक कारण, हे सर्वोच्च न्यायालयात जाऊन एखाद्या कुटुंबाच्या घरावर नांगर फिरविण्याचे कारण कसे होऊ शकते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही. महाराष्ट्रात मे २०२० मध्ये राज्यपालांनी अनुसूचित क्षेत्रापुरती विभागीय पातळीवर अपिलाची सोय केली. मूळ कायद्यात जिल्हा समितीचा निर्णय अंतिम होता. त्यामुळे ही सोय महत्त्वाचीच.

समित्यांच्या रचनेबद्दल एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. जिल्हा समितीवर जिल्हाधिकारी, वनाधिकारी व आदिवासी विकास अधिकारी यांच्या जोडीला जिल्हा परिषदेचे तीन सदस्य असावेत, उपविभागीय समितीवर पंचायत समितीचे तीन, असे नियम सांगतात. अधिकाऱ्यांच्या टेबलावर लोकांची बाजू मांडणारे एवढेच. महाराष्ट्रातील बहुसंख्य जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाच्या वादात निवडणुका लांबत गेल्या. तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासक राहिले. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिला तो या दीर्घ पोकळीनंतर. या काळात समित्यांवर लोकप्रतिनिधी म्हणून कोण बसले? प्रशासक हा अधिकारीच. निवडणुका लांबल्या की रस्ते, शाळा, पाणी यांची चर्चा होते. केंद्रीय कायद्याने स्थापन केलेल्या एका अर्धन्यायिक समितीचा तोल त्यामुळे जातो, हे कोणाच्या गावीही नसते.

वनहक्क कायद्याचा भंग करणाऱ्या अधिकाऱ्याला शिक्षा काय, हे पाहणेही उद्बोधक ठरेल. सातव्या कलमानुसार एक हजार रुपयांपर्यंत दंड. तोही सरळ नव्हे. ग्रामसभेने वा वननिवासीने राज्यस्तरीय देखरेख समितीला ६० दिवसांची नोटीस द्यायची, समितीने काही केले नाही तरच न्यायालयात जायचे. जैवविविधता समित्यांसाठी राज्यांवर दरमहा १० लाखांची टांगती तलवार आणि येथे एक हजार रुपये. दोन्ही कायदे संसदेचेच. एक झपाट्याने ‘अमलात’ आला आणि दुसऱ्याला मेंढ्यापर्यंत मंत्री न्यावा लागला, याचे एक कारण या दोन रकमांतही आहे.

अलीकडच्या घडामोडींनी ग्रामसभेच्या मताचे वजन आणखी घटविले आहे. वनजमीन अन्य कामासाठी वळविण्यापूर्वी संबंधित ग्रामसभांची संमती घ्यावी, असे परिपत्रक पर्यावरण मंत्रालयाने ३ ऑगस्ट २००९ रोजी काढले होते. जून २०२२ मध्ये आलेल्या वनसंवर्धन नियमांनी केंद्राच्या मंजुरीआधी ही संमती पाहण्याची अट काढली आणि हक्कांच्या पूर्ततेची जबाबदारी राज्य सरकारवर टाकली. त्यावर राष्ट्रीय अनुसूचित जमाती आयोगाने आक्षेप नोंदविला होता. वरकरणी हे विकेंद्रीकरण. दिल्लीने आपल्याकडील काम राज्याकडे दिले. पण खाण, धरण वा महामार्ग यांचा प्रस्ताव बहुधा राज्याच्याच पुढाकाराने गेलेला असतो. प्रस्तावकाने स्वतःच्या मंजूर झालेल्या प्रस्तावाला गावाची संमती आहे काय, हे स्वतःच तपासायचे, अशी ही व्यवस्था. एटापल्ली तालुक्यातील सुरजागड टेकड्यांवर लोहखनिजाचा पट्टा २००७ मध्ये देण्यात आला, तेव्हा वनहक्क कायदा संमत झालेला पण अमलात यायचा होता. तेथील ग्रामसभांचे ठराव आणि आंदोलने पाठोपाठच्या वर्षांत होत राहिली व २०२१ पासून खाणकामाने वेग घेतला. मंजुरी आधी आणि विचारणा नंतर, हा क्रम गडचिरोलीला त्यामुळे अपरिचित नाही.

छत्तीसगडने २०२५ मध्ये आणखी एक वळण दाखविले. तेथील वनखात्याने मे महिन्यात सामूहिक वनसंसाधनांच्या व्यवस्थापनासाठी स्वतःलाच प्रमुख यंत्रणा घोषित केले. खात्याने मान्यता दिलेल्या आराखड्याखेरीज ग्रामसभांना व अन्य विभागांना काम करता येणार नाही, असा त्याचा अर्थ होता. ग्रामसभा व संघटना रस्त्यावर उतरल्या आणि जुलैच्या पहिल्या आठवड्यात हे पत्र मागे घ्यावे लागले. केंद्रात वनहक्क कायद्याचे खाते आदिवासी कार्य मंत्रालय, पण जंगलाचा ताबा पर्यावरण मंत्रालयाशी जोडलेल्या राज्य वनखात्यांकडे, ही विसंगती २००६ पासूनची आहे. महाराष्ट्रानेही मे २०१४ मध्ये भारतीय वन कायद्याखाली ग्रामवनांचे स्वतंत्र नियम काढून हाच घोळ घातला होता आणि त्यावर आदिवासी कार्य मंत्रालयाने हरकत घेतली होती.

केंद्राने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू केलेल्या धरती आबा जनजातीय ग्राम उत्कर्ष अभियानात राज्य, जिल्हा व उपविभाग पातळीवर वनहक्क कक्ष स्थापण्याची आणि सामूहिक वनसंसाधनांच्या व्यवस्थापन आराखड्यांना निधी देण्याची तरतूद आहे. मनुष्यबळाची जी उणीव १५ वर्षे जाणवत होती ती भरण्याचा हा पहिला गंभीर प्रयत्न म्हणावा लागेल. मात्र या कक्षांतील माणसे कंत्राटी, त्यांची नेमणूक जिल्ह्यातून आणि त्यांचे वेतन कार्यालयातून. ग्रामसभेच्या ठरावाचा मसुदा, जंगलाचा नकाशा, तेंदूच्या कराराची कलमे या कामांसाठी त्यांना बोलावण्याचा, आणि काम पसंत न पडल्यास तसे लिहिण्याचा अधिकार ग्रामसभेला आहे काय, याचे उत्तर राज्याच्या आदिवासी विकास विभागाने शासन निर्णयातून द्यायचे आहे. तेंदूचा हंगाम दरवर्षी एप्रिल-मेमध्ये येतो आणि लिलाव त्याच्या कित्येक आठवडे आधी होतात.